डाव्या कानातली खटखट

सर्व्हेअरसाहेबांचा जगावर विश्वास नव्हता, आणि त्याबद्दल त्यांना दरमहा पगार मिळत असे. विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासायच्या, हे त्यांचं काम. मालक हात जोडून सांगायचा, साहेब, काल संध्याकाळी उभ्या गाडीला कुणीतरी धडक देऊन पळालं. साहेब काही न बोलता गाडीभोवती एक फेरी मारत, गुडघे कुरकुरवत खाली बसत, चेपलेल्या पत्र्याच्या घडीतली धूळ बोटावर घेत आणि ते बोट मालकाच्या नाकासमोर धरत. कालच्या धडकेत गेल्या वर्षीची धूळ कशी, याचं उत्तर आजवर एकाही मालकाला देता आलेलं नव्हतं. मग साहेब अहवालात आपलं ठरलेलं वाक्य लिहीत: ‘सदर हानी पूर्वीपासूनची असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ हे वाक्य लिहिताना त्यांचं अक्षर फार सुंदर येई.

आता ही नजर काही घरी आल्यावर सदऱ्याबरोबर खुंटीला अडकवता येत नाही. भाजीवाल्याने आपणहून एक टोमॅटो जास्त टाकला, तर साहेब तिथेच पिशवी रिकामी करून आधीचे टोमॅटो तपासत. डॉक्टरांनी हसून ‘काही काळजी करू नका’ म्हटलं की साहेबांची झोप उडे. बिल्डिंगमधले लोक त्यांना तोंडावर ‘सर्व्हेअरसाहेब’ म्हणत आणि पाठ वळली की ‘शंकासुर’. साहेबांना हे ठाऊक होतं. तसा संशय त्यांना पहिल्यापासून होताच.

तर अशा माणसाला त्याच्या मुलीने हेडफोन विकत घ्यायला सांगितलं.

मुलगी दुसऱ्या शहरात एका कचेरीत कामाला होती आणि उरलेल्या वेळात आवाज गोळा करायची. पाण्याचे, वाऱ्याचे, यंत्रांचे आवाज एका छोट्या रेकॉर्डरमध्ये भरून घ्यायचे, त्यात थोडं वाद्य मिसळायचं आणि एकावर एक रचून त्यातून काही मिनिटांचं असं काही बांधायचं, की ऐकणारा मधेच हातातलं काम थांबवील. आता एका नाटक कंपनीला आवाजाची बाजू सांभाळणारं माणूस हवं होतं. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारपर्यंत कामाचा नमुना पाठवायचा होता. त्याच शनिवारपर्यंत एका बँकेलाही हो की नाही ते कळवायचं होतं. बँकेची नोकरी पक्की, नाटकाची बेभरवशाची. मुलीने आपला नमुना घरी पाठवला आणि संध्याकाळी फोन केला.

“आईला विचारण्यात अर्थ नाही,” ती म्हणाली. “तिला माझं सगळंच छान वाटतं. बाबा, तुम्ही ऐका. तुमच्या कानाला खटकलं तर मी ते पाठवणार नाही. सरळ बँकेत जाईन.”

“ऐकलं मी मघाशी,” साहेब म्हणाले.

“कशावर?”

“फोनवर.”

“त्या डबड्यावर नको हो. चांगले हेडफोन घ्या, पूर्ण कान झाकणारे. फार महागातले नकोत, पण घातल्यावर टोचायला नकोत. दोन्ही बाजूंना सारखं ऐकू यायला हवं आणि आवाज उगाच फुगवून सांगणारे नकोत. त्यावर ऐका आणि मग मला खरं काय ते सांगा.”

साहेबांनी फोन ठेवला तेव्हा ते बरेच गंभीर झाले होते. इतकी वर्षं लोकांनी त्यांचं खरं मत टाळण्यासाठी चहा पाजला होता, पाय धरले होते, एकाने तर गाडीखाली लोळण घेतली होती. आज पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचं खरं मत मागून घेत होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी होती. मनातून साहेबांना बँक बरी वाटत होती. पण पाहणी म्हणजे पाहणी, तिथे मनाला काय वाटतं ते कुणी विचारत नाही.

हेडफोन घ्यायचे आहेत ही बातमी बिल्डिंगभर व्हायला वेळ लागला नाही, कारण साहेबांनी स्वतःच ती समोरच्या दारातल्या निवृत्त मुख्याध्यापकांना सांगितली आणि वर ‘कुणाला बोलू नका’ असंही सांगितलं. मुख्याध्यापकांनी उभ्या आयुष्यात हेडफोन घातलेले नव्हते, त्यामुळे त्यांचं मत अगदी ठाम होतं. जड असेल तोच माल चांगला, असं ते म्हणाले. मेहुण्याचं नेमकं उलट. मेहुण्याला कुठलीही वस्तू घेण्याआधी ती घेतलेल्या जगातल्या सगळ्या माणसांची मतं वाचायची सवय होती, आणि ती अजून वाचून व्हायची असल्यामुळे त्याच्या घरी टेबलफॅन नव्हता.

“भाऊजी, हलकेच घ्या,” तो म्हणाला. “आणि घेतल्या घेतल्या त्यांच्याबद्दल मत बनवू नका. नवे हेडफोन आठवडा-दोन आठवडे वाजवून मुरवावे लागतात. मग त्यांचा खरा आवाज सुटतो.”

“परत करायची मुदत किती असते?” साहेबांनी विचारलं.

“असते आठवडाभर.”

“आणि मुरायला दोन आठवडे.” साहेबांनी मेहुण्याकडे असं पाहिलं, जणू त्या कारस्थानात त्याचाही वाटा असावा.

दुकानातल्या विक्रेत्याने पहिलाच प्रश्न चुकीचा विचारला. हेडफोन गाण्यांसाठी हवेत, खेळासाठी की मीटिंगसाठी, असं त्याने विचारलं. साहेब म्हणाले, पाहणीसाठी. विक्रेत्याच्या कपाटात पाहणीचा कप्पा नव्हता. त्याने एक काळाकुळकुळीत जोड काढला आणि सांगितलं की यातला ढोल थेट छातीत धडधडतो.

“माझ्या छातीत आधीच धडधडतं, त्यासाठी मी गोळी घेतो,” साहेब म्हणाले. “मला जे आहे तेवढंच ऐकायचंय. त्याच्यापेक्षा जास्त नाही आणि कमी नाही.”

“तसं कुणी मागत नाही, साहेब. सगळ्यांना थोडं वाढवूनच हवं असतं.”

“त्या सगळ्यांच्या गाड्या मी तपासल्यात.”

विक्रेत्याने बऱ्याच नाराजीने मागच्या फळीवरचा एक साधा, राखाडी जोड काढून दिला. साहेबांनी तो आधी हुंगला. मग खिशातला फोन काढून मुलीचा नमुना लावला. बाकी जगातलं दुसरं कुठलंच संगीत त्यांना इतकं पाठ नव्हतं. दोन दिवसांत त्यांनी तो त्या ‘डबड्यावर’ पुन्हा पुन्हा ऐकला होता. सुरुवातीला कुठेतरी खोल पाणी भरत होतं, त्यावर एक लांबलचक सूर हळूहळू चढत होता, मग पाणी थांबायचं. फोनच्या स्पीकरवर इथे नुसती शांतता होती. पण हेडफोनमध्ये त्या शांततेत, डाव्या बाजूला, अगदी बारीक पण स्पष्ट अशी खटखट आली. मग सूर पुन्हा सुरू झाला.

साहेबांनी विक्रेत्याकडे पाहिलं. हेडफोन काढले, उलटे घातले, म्हणजे डावी वाटी उजव्या कानावर. आता खटखट उजव्या कानात आली. साहेबांचे कान निर्दोष सुटले आणि डाव्या वाटीवर आरोप कायम झाला.

“डाव्या बाजूला काहीतरी सुटलंय,” साहेब म्हणाले.

विक्रेत्याने घालून पाहिले. “रेकॉर्डिंगमध्येच असेल ते.”

“शक्य नाही. माझ्या मुलीचं काम आहे. ती असलं कच्चं काम करत नाही.”

हे वाक्य ते अत्यंत सहज बोलून गेले. ज्या माणसाने लग्नाच्या दिवशी सासऱ्यांच्या दुकानातल्या वजनकाट्याबद्दलही शंका घेतली होती, त्याच्या तोंडून हे वाक्य येणं ही केवढी घटना होती, हे तिथे कुणाच्याच लक्षात आलं नाही. विक्रेत्याला तर साहेब आजच भेटले होते. साहेबांनी त्याच जातीचा दुसरा डबा उघडायला लावला. त्यातही खटखट. म्हणजे अख्खी खेपच खराब, असा निष्कर्ष काढून त्यांनी वेगळ्या कंपनीचा, जरा जड जोड घेतला. दुकानात त्यांनी तो पूर्ण ऐकला नाही, कारण कपाळ दुखायला लागलं होतं.

या जोडाची पकड जबरदस्त होती. साहेबांच्या चष्म्याच्या काड्या कानशिलात रुतायच्या आणि पाणी थांबेपर्यंत त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. वह्या तपासता तपासता तिने विचारलं, “इतकं भिडलं का हो?”

“पकड,” साहेब दात-ओठ खात म्हणाले.

मुख्याध्यापकांनी यावर उपाय सांगितला. नवा जोडा चावतो तेव्हा आपण तो ताणतोच की. त्यांनी आपल्या घरून शब्दकोशाचे दोन जाडजूड खंड आणले आणि हेडफोन त्या खंडांवर चढवून ठेवले. सकाळी पाहतात तो हेडफोनचा स्वभाव पार बदललेला. डोक्यावर घातले की ते सावकाश घसरत यायचे आणि हनुवटीपाशी थांबायचे. एका हाताने धरून साहेबांनी कसाबसा नमुना ऐकला. पाणी थांबलं, आणि डावीकडे तीच खटखट आली. मुख्याध्यापकांनीही ऐकली. “हे रेकॉर्डिंगमध्येच असावं,” ते म्हणाले, आणि ‘माझी मुलगी असलं कच्चं काम करत नाही’ म्हणत साहेबांनी त्यांना त्यांचे खंड परत दिले.

मेहुण्याने एक शास्त्रीय चाचणी सुचवली. दुसरं काहीतरी लावून बघा. साहेबांनी बातम्या लावल्या, हवामानाचा अंदाज लावला, एका व्याख्यात्याचं मनःशांतीवरचं व्याख्यान लावलं. कुठेही खटखट नाही.

“मग झालं तर,” मेहुणा म्हणाला. “दोष त्या रेकॉर्डिंगचा.”

“उलट. तिचं काम कच्चं नसतं,” साहेब म्हणाले. “ढोबळ कामाला कुठलाही माल चालतो. बारीक काम अंगावर आलं की हलका माल उघडा पडतो. खडबडीत रस्त्यावर कुठली गाडी कुरकुरत नाही? सगळ्याच कुरकुरतात, म्हणून कळत नाही. गुळगुळीत रस्त्यावर कुरकुरते तिच्यात खोट.” या युक्तिवादात काहीतरी चुकत होतं, पण काय ते मेहुण्याला सांगता येईना. त्याला आणखी वाचावं लागणार होतं.

ताणलेला जोड दुकानाने परत घेतला नाही. विक्रेता म्हणाला, कंपनीच्या तक्रार कक्षात जा. तिथे काउंटरमागे एक बाई होत्या आणि त्यांच्यासमोर संगणक. त्यांनी तक्रारीचं स्वरूप विचारलं.

“खटखट,” साहेब म्हणाले.

“खटखट नाहीये यात. खरखर आहे, घरघर आहे, शिट्टी आहे. खरखर टाकू?”

“बाई, खरखर आणि खटखट यात फरक आहे.”

“असेल, पण संगणकात नाही.” बाईंनी हेडफोन एका यंत्राला जोडले. यंत्राने खालपासून वरपर्यंत एक लांब शिट्टी घातली. बाई म्हणाल्या, आमच्या चाचणीत दोष आढळत नाही. साहेबांनी आग्रह धरला की चाचणी त्यांच्या मुलीच्या कामावरच घ्यावी. मागे रांग वाढत होती. बाईंनी सुटका करून घ्यायला म्हणून हेडफोन एका हाताने कानावर धरले, आणि मग जे झालं ते साहेबांनी नीट पाहायला हवं होतं, पण ते घड्याळाकडे पाहत होते. बाईंनी पूर्ण नमुना ऐकला. मधे त्यांनी डोळे मिटले. रांगेतला एकजण खोकला तरी त्यांनी ते उघडले नाहीत.

“कुणाचं आहे हे?” त्यांनी विचारलं.

“माझ्या मुलीचं. खटखट आली ना?”

“आली. पण ती त्यातलीच आहे. मला तर तीच आवडली.”

“त्यातली नाही,” साहेब म्हणाले. “माझी मुलगी असलं कच्चं काम करत नाही.”

बाईंनी सुस्कारा सोडला आणि काहीतरी टाइप केलं. साहेबांना दुसऱ्याच्या पडद्यावरचं तिरक्या नजरेने वाचायचा सराव होता. त्यांनी वाचलं: ‘पट्टी ग्राहकाने ताणलेली. दोष पूर्वीपासूनचा असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ आपलंच वाक्य परक्या माणसाच्या तोंडी, तेही अशा बेढब अक्षरात पाहून साहेबांना फार लागलं.

शेवटी बायकोने मध्यस्थी केली. चष्म्याची नवी फ्रेम यंदा राहू दे, जुनीच चालेल, असं तिने परस्पर ठरवून टाकलं आणि तिसरा जोड आला. हा मात्र खरोखर चांगला होता. गाद्या मऊ, पकड बेताची, चष्मा टोचत नव्हता, अर्धा तास घातला तरी कान तापत नव्हते. आवाज जसा असेल तसा. ढोल छातीत शिरत नव्हता की सूर टोकदार होत नव्हता. साहेबांना पहिल्यांदाच त्या पाण्याच्या तळाशी बादली लागल्याचं ऐकू आलं. मग पाणी थांबलं आणि डावीकडे खटखट आली, आजवर कुठेच आली नव्हती इतकी स्वच्छ.

साहेब हबकलेच. माल जितका चांगला, तितकी खटखट ठसठशीत. सगळ्या कंपन्या आतून एकच आहेत, हा त्यांचा जुना संशय पक्का झाला.

“ती खटखट कुठेतरी ऐकल्यासारखी नाही वाटत तुम्हाला?” बायकोने वहीतून डोकं वर न काढता विचारलं.

“वाटते ना. तिन्ही जोडांत ऐकलीय.”

बायकोने पुढची वही उघडली. तिने मुलीला शब्द दिला होता, पण तो काय होता हे साहेबांना कुठून कळणार?

बुधवारी मुलीचा फोन आला. बाबा, ऐकलंत का, कसं वाटलं, असं तिने विचारलं. आवाजावरून ती बरेच दिवस हे विचारायचं टाळत असावी.

“ऐकतोय, पण मत देण्याजोगं अजून ऐकायला मिळालं नाही,” साहेब म्हणाले. “मधे ते पाणी थांबतं ना, तिथे डावीकडे एक खटखट येते. डोक्यात जाते अगदी. सगळ्याचा विचका होतो.”

पलीकडून मुलीने विचारलं, “इतकी वाईट वाटते?”

“भिकार. असला माल विकायला यांना लाज कशी वाटत नाही?”

“बरं,” मुलगी म्हणाली, आणि आईला फोन द्या म्हणाली नाही.

बायकोने वही मिटली. “काय बोललात तुम्ही तिला, कळतंय का?”

“तिला कुठे बोललो? हेडफोनला बोललो.”

“तिकडे हेडफोन नव्हते. ती होती.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायको शाळेतून आली ती बातमी घेऊनच. मुलीचा तिला फोन येऊन गेला होता. ती नमुना पाठवणार नव्हती. शुक्रवारी दुपारी बँकेला होकार कळवणार होती. बाबा कधी आडून बोलत नाहीत, पण या वेळी हेडफोनच्या आडून बोलले, म्हणजे काम किती वाईट असेल, असं तिचं म्हणणं होतं. साहेब हे ऐकून उठूनच बसले. मुलगी बँकेत जाणार हे ऐकून बरं वाटेल अशी त्यांची स्वतःबद्दलची समजूत होती. तसं काही वाटलं नाही.

“पण मी ‘नाही’ कुठे म्हटलं? तिला सांग, दोष हेडफोनचा आहे. उद्या सकाळी हा जोड बदलून आणतो, ऐकतो आणि दुपारच्या आत तिला कळवतो.”

बायकोने कपाळाला हात लावला. “अहो, तिला नका सांगू हेडफोनचं. एवढंच करा.”

शुक्रवारी बायको शाळेत गेल्यावर साहेब निघाले. पुरावा ताजा असावा म्हणून त्यांनी निघता निघता पुन्हा एकदा नमुना लावला, खटखट ऐकून घेतली आणि फोन बंद केला. हेडफोन डोक्यावरच होते. डबा काखेत. दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं आणि नेहमीप्रमाणे ओढून पाहिलं.

डाव्या कानात खटकन वाजलं.

साहेब जागच्या जागी थिजले. मग त्यांना मोठा आनंद झाला. फोन बंद होता, तरी खटखट येत होती. आता जगातली कुठलीही कंपनी, कुठलीही बाई, कुठलाही मेहुणा रेकॉर्डिंगला दोष देऊ शकत नव्हता. फोन खरंच बंद आहे ना, हे त्यांनी पाहिलं, आणि ते पाहत असताना त्यांच्या हाताने कुलूप दुसऱ्यांदा ओढलं. खट. साहेबांनी हेडफोन काढून हातात घेतले आणि डावी वाटी संशयाने न्याहाळली. तेवढ्यात हाताने, साहेबांना न विचारता, तिसऱ्यांदा कुलूप ओढलं. या वेळी हेडफोन कानावर नव्हते. तरीही तसंच खटकन वाजलं.

समोरचं दार उघडून मुख्याध्यापक वर्तमानपत्र घ्यायला बाहेर आले. “किल्ली हरवली का?”

“नाही,” साहेब म्हणाले. “कुलूप ऐकतोय.”

घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढायचं, ही साहेबांची सवय त्यांच्याखेरीज सगळ्या बिल्डिंगला माहीत होती. पहिल्यांदा ओढायचं ते कुलपाचा भरवसा नाही म्हणून, दुसऱ्यांदा स्वतःचा भरवसा नाही म्हणून, आणि तिसऱ्यांदा कशासाठी ते कुणालाच सांगता आलं नसतं. मुलगी लहानपणापासून जिन्यात दप्तर घेऊन त्या तीन झटक्यांची वाट बघत उभी राहिली होती. साहेबांनी हेडफोन पुन्हा घातले, पाणी थांबतं तिथून नमुना लावला आणि कुलपाला हात लावून ऐकू लागले. मग पुन्हा लावला, आणि पुन्हा. मुख्याध्यापक वर्तमानपत्र छातीशी धरून सगळं पाहत होते. साहेबांना भरून आलं होतं आणि त्याच वेळी मेल्याहून मेल्यासारखंही झालं होतं. अशा अवस्थेत माणसाने निदान घरात जावं, पण त्यांनी तिथेच पायरीवर बसून मुलीला फोन लावला.

“बाबा, मी कामात आहे,” मुलगी म्हणाली. “आईला सांगितलंय मी सगळं. दुपारी बँकेला कळवते.”

“थांब. ती खटखट मी ओळखली. आपलं कुलूप आहे.”

“आईने सांगितलं ना?”

“नाही.”

“आईनेच सांगितलं. तुम्ही स्वतः ओळखेपर्यंत बोलायचं नाही असा शब्द घेतला होता मी तिच्याकडून. बाबा, पढवलेला साक्षीदार पहिल्या वाक्यात कळतो, हे मला कुणी शिकवलं?”

साहेबांवर अशी वेळ कधी आली नव्हती. खरं बोलणारा गाडीमालक त्यांच्यासमोर कसा घामाघूम होत असेल, याची त्यांना प्रथमच कल्पना आली. “अगं, मी इथे पायरीवर बसलोय. ओढून बघितलं. कुलूप कोयंड्याला घासून जरा किरकिरतं, ते पण आहे त्यात. तेल घाला म्हणून तुझी आई केव्हाची सांगतेय, मी घातलेलं नाही.”

“मग परवा भिकार म्हणालात ते?”

“हेडफोनला म्हणालो. तीन जोड झाले. जो तो म्हणे, आवाज रेकॉर्डिंगमध्येच असेल. मी म्हटलं शक्य नाही. माझी मुलगी असलं कच्चं काम करत नाही.”

“असं म्हणालात? कुणाला?”

“दुकानदाराला म्हणालो, तुझ्या मामाला म्हणालो, कंपनीच्या बाईला म्हणालो. हे मुख्याध्यापक उभे आहेत, विचार यांना.”

“म्हणाले,” मुख्याध्यापक मोठ्याने म्हणाले.

मुलगी पुढचं बोलली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता. “आणि काम कसं वाटलं?”

“चांगलं आहे,” साहेब म्हणाले. “फार चांगलं आहे. मला आधी कळलं नाही, हा माझा दोष. बँकेला नाही म्हण.” मग त्यांनी घसा खाकरला, कारण पाहणी अर्धवट सोडून चालत नाही. “पण एक खोट आहे त्यात. तिसरा झटका खोटा आहे. दुसराच उचलून परत चिकटवलायस. दोन डेंट कधी हुबेहूब सारखे नसतात, असले तर कुणीतरी हातोडी वापरलेली असते. तो काढ.”

“आजवर कुणालाच कळलं नाही हे,” मुलगी म्हणाली. “बाबा, तो काढला तर ते तुम्ही आहात असं वाटत नाही. मी घर सोडलं त्या सकाळी भरलंय ते. रेकॉर्डर नवीन होता. आई खाली रिक्षापाशी होती आणि मी बॅगा घेऊन जिन्यात. मी तिसऱ्या झटक्यासाठी रेकॉर्डर धरून उभी होते. तुम्ही दोनदाच ओढलंत, माझी मोठी बॅग उचललीत आणि खाली गेलात. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. मी तेव्हापासून विचार करतेय, त्या दिवशी तुम्ही तिसऱ्यांदा का नाही ओढलंत?”

मुख्याध्यापक एवढ्यात आत गेले होते, आणि त्यांनी दार हळूच लावून घेतलं होतं.

“त्या दिवशी आत चोरीला जाण्यासारखं राहिलं काय होतं?” साहेब म्हणाले.

पलीकडून काहीच आवाज येईना. साहेबांनी डावी वाटी कानावर दाबली, मग उजवी दाबली. दोन्हीकडे सारखंच, काही नाही. हाही जोड गेला की काय, असा संशय त्यांच्या मनात डोकावतो न डोकावतो तोच दोन्ही कानांत एकदमच नाक ओढल्याचा आवाज आला, डावीकडे जेवढा तेवढाच उजवीकडे.

“दोनच ठेवते,” मुलगी म्हणाली, “आणि पाठवते.”